बर्फातला माल

बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर चौकशा करण्याची स्पर्धा ठेवली, तर आमच्या मामेसासऱ्यांसमोर उभं राहायला कुणी धजणार नाही. पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या पडण्याआधी त्याचं गाव, पगार आणि सुनेशी पटतं की नाही, एवढं मामांनी काढून घेतलेलं असतं. मासळीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. कल्ले उघडून, नाकाला लावून पाहिल्याशिवाय त्यांनी सख्ख्या भावाकडूनही कधी पापलेट घेतलं नाही. "बरफातला माल तो मेलेला माल," हे त्यांचं ब्रीद.

किडनी बदलल्यावर मामा मजेत हिंडत होते. मग मानेला गाठी आल्या. कॅन्सरच, लिम्फोमा! मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून एक विषाणू झोपलेला असतो. नवी किडनी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधांनी अंगातले राखणदार ढिले पडले आणि तो उठला. पहिल्या इलाजाला गाठी बधल्या नाहीत. आता कुणा परक्या, धडधाकट माणसाच्या, त्याच विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे उसने राखणदार, द्यायच्या. गुण येईलच असं नाही.

"तो मानूस कोन? खातो काय? दर्या बघितलाय का त्यानं?"

"नाव सांगता येत नाही, मामा," मी म्हटलं.

"आनि पेशी ठेवल्यात कुठं?"

"गोठवून."

मामा ताडकन उठून बसले. "म्हंजे बरफातला माल!"

"मेलं तुमचं ते ताजं-शिळं!" मामी कडाडल्या आणि तिथंच रडायला लागल्या. "मला तुमी जिते पायजे."

मामांनी सुईसाठी हात पुढे केला. पिशवी हुंगायला द्यायला नर्सनं साफ नकार दिला, पण थेंब आत जायला लागल्यावर मामांच्या श्वासालाच लसणाचा वास येऊ लागला. गोठवताना पेशी जपणाऱ्या औषधाचा तो वास, असं नर्स म्हणाली. मामांचा चेहरा खुलला. "लसूण हाय? मंग आपल्यातलाच कोनतरी!"

हळूहळू गाठी विरल्या. परवा बोट लागली, वाळूत मासळीचे वाटे पडले, तेव्हा मामांनी आपल्या वाट्यातून एक छोटा वाटा वेगळा काढला. बोईसरच्या कारखान्यातला कुणी कामगार समुद्र बघायला आला होता. त्याला हाक मारून मामांनी तो त्याच्या पिशवीत ओतला. "कितना हुआ, चाचा?" तो विचारत राहिला, मामा नुसता हात हलवत राहिले.

तो लांब गेल्यावर मी म्हटलं, "मामा, नावसुद्धा विचारलं नाहीत?"

मामा गाठी विरलेल्या मानेवरून हात फिरवत त्याच्या पाठीकडेच बघत होते. "नको, जावयबापू. नाव कळलं तर ह्यो दुसराच कोनतरी ठरंल."