कपाळ नसलेलं चित्र

टर्पेंटाइनची बाटली उघडली की मला आईची तेरवी आठवते. आईचा एकटीचा असा फोटोच घरात नव्हता, म्हणून बाबांनी मी कॉलेजात तैलरंगात काढलेलं तिचं चित्र पाटावर ठेवलं, हार घातला. त्यात नाक-डोळे नव्हते. नुसते हिरवे, मातकट पट्टे आणि मधोमध एक वाकलेली रेघ. रिठदची मावशी ओल्या बोटावर कुंकू घेऊन पुढे आली आणि थबकली. "काहून वं पोरी, तुह्या मायचं कपाय कुठं हाय?" परीक्षकांपुढे मी याच चित्रावर भरभरून बोलले होते, ती रेघ म्हणजे वाफ्यात वाकलेली पाठ, हिरवं म्हणजे मेथी. कपाळाचं कोणी विचारलं नव्हतं. आता मी रेघेच्या वरच्या टोकाशी बोटानं कपाळ शोधू लागले. "राहू दे," म्हणत मावशीनं बहिणीची मान धरावी तसा डावा हात चौकटीमागे नेला, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. ते चित्र आता माझ्या खोलीत आहे. यात आई कुठे, असं कोणी विचारलं की मी काही समजावत बसत नाही, त्या कुंकवाकडे बोट दाखवते.