डावी खाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं काहीच लपवत नाही, चहा फुळकवणी झाला तरी तोंडावर सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण कुठून तरी सुरुवात करायला हवी ना?

नाशकात बोट म्हटलं की लोक हसायचे. गोदावरीत गुडघाभर पाणी, त्यात कसली बोट चालवता! पण गंगापूर धरणात पाणी होतं, आणि माझ्या भाऊजींकडे, म्हणजे तायडीच्या नवऱ्याकडे, बोट होती. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने कंटाळून टाकून दिलेली. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये रविवार-रविवार खपून भाऊजींनी ती पुन्हा उभी केली. माणूस तसा अबोल, पण बोटीपाशी गेला की गुणगुणायला लागायचा.

तिच्या मागच्या अंगाला, तळाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन पत्रे होते, बिजागरीवर खालीवर होणारे. भाऊजी त्यांना झडपा म्हणायचे. चालवणाऱ्याच्या हाताशी त्यांचे दोन दांडे. गंमत अशी, की ज्या बाजूची झडप खाली कराल ती बाजू वर उचलली जाते, कारण पाणी झडपेला खालून रेटतं. म्हणजे बोट उजवीकडे कलली, तर उजवीच झडप खाली करायची. भाऊजींनी हे मला कितीदा समजावलं होतं. मला कळलं नव्हतं का? — कळलं होतं हो. चांगलं कळलं होतं.

बघा, अजून पत्र्यांचंच सांगत बसलोय.

त्या रविवारी तायडी आणि मी, दोघंही उजवीकडे बसलो होतो. आई काठावर पुरी-भाजीचे डबे उघडत होती. बोटीने वेग घेतला आणि ती आमच्या बाजूला कलली. भाऊजींची नजर समोर. कुठली झडप खाली करायची हे मागून ओरडून सांगायचं काम माझं. इंजिनाचा आवाज, वारा, तायडी हसतेय, किंचाळतेय — आणि मी ओरडलो, "डावी खाली!"

माझ्या मनात होतं, बोटीची डावी बाजू खाली आणा. पण बाजूही डावी आणि झडपही डावी! भाऊजींनी ऐकलं तसं केलं. डावी झडप खाली गेली, डावी बाजू उचलली गेली, आमची बाजू पाण्याला टेकली. तायडी पदर सावरायला अर्धवट उठली होती. ती बाहेर फेकली गेली.

भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि कपड्यांनिशी उडी मारली. तिला वर घेतलं तेव्हा ती खोकत होती, आणि तिचं मनगट मोडलं होतं.

काठावर आईने भाऊजींना विचारलं, "अहो, झालं काय?" मला नव्हतं विचारलं. मी गप्प बसलो असतो तरी खपून गेलं असतं. पण तायडीचा तो लोंबणारा हात बघून माझी अशी तंतरली होती, की मीच तोंड वर करून म्हणालो, "मी उजवी म्हटलं होतं. भाऊजींनी डावी ओढली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगावरून पाणी निथळत होतं. म्हणाले, "असेल. मलाच नीट ऐकू आलं नसेल."

भांडले असते, कानाखाली वाजवली असती, तर मी तिथेच कबूल झालो असतो. असतो का? — कुणास ठाऊक.

बोट त्यांनी पुन्हा पाण्यात घातली नाही. एक झडप आता त्यांच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. आणि आमच्या घरात एक विनोद सुरू झाला. पंगत बसली की कुणीतरी म्हणणारच, "भाऊजींना वाढायला देऊ नका रे, चटणी उजवीकडे वाढतील!" सगळे हसतात. मी तर सगळ्यांच्या आधी हसतो. किती निर्लज्ज असावं माणसाने!

कसारा घाटात रात्री-अपरात्री गाडी हाकलेला हा माणूस, हळूहळू स्कूटरवर मागे बसलेल्या तायडीला विचारायला लागला, "इथून डावीकडेच ना गं?" ती सांगते, मगच वळतात.

परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. तेव्हा वर्कशॉपच्या अंगणात बोटीवर चढून खेळणारी चिमुरडी, आता लग्नाची झाली. गुरुजी म्हणाले, "उजवा हात पुढे करा." भाऊजींनी आधी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. खरोखर पाहिलं हो, पारखून! मांडव खदखदून हसला. पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.

उद्या तायडीकडे सगळे जेवायला आहेत. पानं वाढताना कुणीतरी चटणीचं काढेलच. तेव्हा सगळ्यांसमोर मी बोलणार आहे. आई मला फाडून खाईल, तायडी कदाचित तोंड बघणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण तुमच्यापाशी एकदा बोललो आणि काय सांगू, छातीवरचा दगड उतरला! वाक्यही ठरलंय, मघापासून मोठ्याने म्हणून बघतोय, आणि जीभ एकदाही अडखळलेली नाही —

भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी डावीच म्हणालो होतो.