पाणबुडीचा फोटो

बाबांनी नेव्हीत असताना पंधरा वर्षं पाणबुडीवर काढली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सॅन डिएगोला व्हेल बघायला बोटीतून गेलो, तर समोरून एक काळी पाणबुडी संथपणे बंदराकडे येताना दिसली. मी भराभर फोटो काढले आणि ट्रिपच्या बाकी फोटोंबरोबर घरच्या ग्रुपवर टाकले.

बाबा माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते. आई गेली तेव्हा माझा व्हिसा अडकला होता. अमेरिका सोडली असती तर परत येता आलं नसतं, म्हणून मी भारतात गेले नाही. निदान पाणबुडी बघून तरी ते बोलतील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांचं उत्तर आलं. "फिरायला बरं जमतं."

"आजोबांना फोटो आवडला?" मुलीने विचारलं. मी हो म्हणाले.

आठवड्याने भावाचा फोन आला. "बाबा तो पाणबुडीचा फोटो सोसायटीत सगळ्यांना दाखवतायत."

"मी काढला म्हणून सांगतात?"

"नाही गं. कुणीतरी पाठवलाय म्हणतात."

त्यानंतर मी ग्रुपवर एकही फोटो टाकलेला नाही.