सात भाऊ घराबाहेर पडले

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. आम्ही कोरीटचे, मामा कळसाडीचा, मधे तापी. वैशाखात नदी आटून रेती तापायची आणि माणसं ती पायीच ओलांडायची. त्या दिवशी मामा येणार होता. समोरच्या काकूंचा भाऊही कळसाडीहूनच यायचा होता. आई आणि काकू, दोघींची बोचकी बांधून तयार.

नेमका तालुक्याहून एक साहेब आला. आईच्या गोष्टींची ख्याती त्याच्या कानावर गेली होती. त्याला त्या ऐकायच्या होत्या, आणि संध्याकाळच्या मोटारीने परतही जायचं होतं. आईने कपाळाला हात लावला. "दिवसले गोष्ट सांगी तं मामा वाट चुकस," ती वडिलांना म्हणाली, "आन् पोरीस्ना मामा आज वाटवर शे!" वडील म्हणाले, "साहेबले काय सांगू, बाई घाबरस?" मला त्या साहेबाचा आजही राग येतो. चहा पिऊन गेला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं!

भर दुपारी आई निंबाखाली बसली. हुंकाऱ्याला नेहमीप्रमाणे काकू. आईच्या प्रत्येक वाक्यामागे 'हां' म्हणायचं काम त्यांचं. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. काकूंची पोरं, आम्ही बहिणी, सगळे समोर. गोष्ट सात भावांची. लांब दिलेल्या बहिणीला आणायला ते निघतात आणि जंगलात वाट हरवतात. मला पाठ होती ती. पण आईने त्या दिवशी भावांना उंबरा ओलांडूच दिला नाही. एकाला जेवायला बसवलं, दुसऱ्याचा जोडा शिवायला टाकला, तिसऱ्याचा बैल आजारी पाडला. साहेब खुशीत हसत होता. आईचे डोळे मात्र सारखे तापीच्या वाटेकडे जात होते.

काकूंना राहवेना. गोष्टीवर भारी जीव त्यांचा. "अवं, भाऊ निंघनात का नही घरथून? बहीन वाट देखी ऱ्हायनी ना!"

"हो हो, पुढे?" साहेब म्हणाला.

आई काकूंकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "निंघनात."

"हां," काकू म्हणाल्या.

दिवस कलला तसा मामा आला, घामाघूम, पण धडधाकट. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत रडायलाच लागली. काकू दारात उभ्या होत्या. "मन्हा भाऊ दिखना का रे, दादा?" त्यांनी विचारलं. मामा गोंधळला. काकूंचा भाऊ त्याच्या आधीच निघाला होता.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, नदी ओलांडायच्या उतारापासून बराच खाली, रेतीत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. रोजची पायवाट सोडून तो तिकडे कशाला गेला, हे कोणी विचारलं नाही. मला भीती वाटत होती, आता सगळे आईकडे बघणार.

आई काकूंच्या पायाच पडायला गेली. मी तिच्या मागे होते. काकूंनी तिला वरच्यावर धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तू तं त्यास्ले घरमाच ठेयेल व्हतं, बहीन," त्या म्हणाल्या. "मीच बाहेर काढं."