पाठ फिरवून ऐकणारे पुंडलीकबाब

पुंडलीकबाब मला घरी बोलावत आणि भिंतीकडे तोंड करून बसवत. कदेल, म्हणजे खुर्ची, आधीच तशी मांडून ठेवलेली असे. मागे मेजावर त्यांचा संगणक. "पाठ फिरव, सुमतीबाय. वळून पळयलें जाल्यार परत पयल्यापासून," असा वळून न बघण्याचा दम देत. मग एक गाणं लावत, बंद करत, मागे काहीतरी खुडबुड करत आणि तेच गाणं पुन्हा लावत. "पयलें बरें काय दुसरें?"

नार्वे गावात त्यांचं आणि आमचं घर लागून. पणजीच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. बायको इंदू कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पणजीत कोणीतरी टाकायला काढलेला संगणक त्यांनी बसच्या टपावर बांधून आणला, तेव्हा वाड्यावर, आमच्या वस्तीत, सगळे हसले. मी हसले नाही. मला संशय आला. आमटीत मीठ जास्त पडलं का, हे विचारायलाही कधी कुंपणाशी न येणारा माणूस मला एकाएकी गाणी ऐकायला का बोलावतो? तो विधुर, मी विधवा. मी निवडायचे तांदूळ सुपात घेऊन गेले आणि दार सताड उघडं ठेवलं.

"माका कित्याक आपयलें?" मी विचारलं. "हांव चवथी पास. माका गाण्यांतलें कितें कळटा?"

"वाड्यावयलीं सगळीं म्हणटात, व्हय बाब, बरें जालें बाब. वायट आसल्यार वायट म्हणपी तूं एकटीच."

हे कौतुक की टोमणा ते मला कळलं नाही. पण खरं होतं.

त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. दुकानदारावर नाही, विजेवर नाही, संगणकावर नाही, आणि सगळ्यात कमी स्वतःच्या कानावर. "आपणाक जाय तेंच कान आयकता," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. महाग वस्तू ते घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, "म्हारग वस्त हाडली जाल्यार कान तिचीच बाजू घेता." म्हणून सगळं घरातलं किंवा मोडीतलं. संगणकाबरोबर आलेले प्लास्टिकचे स्पीकर त्यांनी काढून टाकले. एका जुन्या मोठ्या रेडिओतले स्पीकर काढून फणसाच्या फळ्यांच्या खोक्यात बसवले आणि आत इंदूच्या जुन्या गादीचा कापूस भरला. खोकी मेजावरून उतरवून चिऱ्यांवर ठेवली. समोरच्या भिंतीला वाकळ टांगली. संगणकाचा पंखा घरघरतो म्हणून तो शेजारच्या खोलीत नेला आणि वायरी जनेलाच्या गजांमधून घेतल्या. संगणकाच्या पोटात गुरगुर असते, ती आवाजात येते म्हणून बाहेरून जोडायची एक लहान पेटी आणली, तीही कोणीतरी वापरलेली. गाणं लावताना फ्रिज बंद. मग तो चालू करायचा विसरत. त्यांच्याकडचा चहा मी कायम कोराच प्याले.

यातला प्रत्येक बदल माझ्या पाठीमागे झाला. चिऱ्यांनी फरक पडला. वाकळीने फार पडला, गाणाऱ्या बाईचे शब्द सुटे झाले. एक जाड वायर आणली होती, तिने काही झालं नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी तिच्यावर कपडे वाळत घातले.

एकदा त्यांनी गाणं दोनदा लावलं आणि विचारलं, "पयलें काय दुसरें?"

"कांयच बदलूंक ना," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. तुमी फकत खुडबुड केली."

ते खूश झाले. तेव्हा कळलं, ते संगणकाची नव्हे, माझी परीक्षा घेत होते. मी सूप उचललं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाले, "राग मानूं नाका. कोणाचेर तरी विश्वास दवरपाक जाय. म्हणून पळयलें."

"कितें खातीर?" मी विचारलं. "गाण्यां खातीर इतलें कोणूय करिना. तुमच्या पोटांत कितें आसा तें सांगात."

तेव्हा त्यांनी खिशातून एक कॅसेट काढली. गोवा वेगळं राज्य झालं त्या वर्षीची गणपतीची चवथ. त्यांच्या अंगणात आम्ही वाड्यावरच्या बायकांनी फुगडी घातली होती आणि पुंडलीकबाबांनी नवा टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला होता. ते मला आठवलं. इंदूचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू उरली होती. पावसाळ्यांनी टेपला बुरशी धरली होती. जेमतेम एकदाच वाजेल, मग तुटेल असं त्यांना वाटत होतं. त्या लहान पेटीतूनच टेपचा आवाज संगणकात घ्यायचा होता आणि नीट आला की नाही ते याच स्पीकरवर कळणार होतं. म्हणून आधी सगळं पारखून घेणं चाललं होतं. मी त्यानंतर दार सताड उघडं ठेवणं सोडलं.

टेप त्यांनी दुपारी एकट्याने वाजवली. मला बोलावलं नाही. ती शेवटपर्यंत वाजली आणि काढताना तुटली. संध्याकाळी त्यांनी सीडीची एक चकती आणून माझ्या हातात दिली. "जशी वाजली तशी. हात लावूंक ना. तुजेकडे दवर. संगणक केन्ना मरत सांगूंक जायना." मी ती साड्यांच्या ट्रंकेत टाकली. सून ती मिरचीच्या वाफ्यात पाखरांसाठी टांगायला मागत होती. दिली नाही.

मग पावसाळाभर ते संगणकावर टेप साफ करत होते. खरखर काढली, घरघर काढली. चवथीच्या आधी मला बोलावलं. कदेल भिंतीकडे तोंड करून होतंच.

"आता आयक. तिचो आवाज मुखार काडला."

लागलं. इतकं साफ की अंगणात उभी असल्यासारखं वाटलं. आमचा घोळका मागे, आणि पुढे एक उंच, जरा चिरका आवाज. पुंडलीकबाब मागे उभे होते.

"पळय," ते म्हणाले. "तीच न्हय?"

मला पाठ फिरवून बसवलं होतं, हे बरं झालं. तोंड बघून सांगणं कठीण गेलं असतं. गोड बोलणारी दुसरी कोणी बसवायची असती तर वाड्यावर पुष्कळ होत्या.

"ती न्हय," मी म्हटलं. "ती हांव."

त्यांनी गाणं बंद केलं. मग ते हळूच म्हणाले, "माका संशय आशिल्लो." पुढे विचारलं, "जाल्यार ती खंय?"

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. इंदू कुठेच नव्हती. आणि मग माझ्या ध्यानात आलं, ती असणारच नव्हती. इंदू लाटंबार्से गावची, अंगाने दणकट, पण गळा नावाला नाही. ती कधी गायलीच नाही. फुगडी रंगात आली की बायका तोंडाने फू फू करतात, गाणं थांबून नुसता श्वासाचा ताल राहतो. त्यात इंदूसारखी फू कोणाची नव्हती. भात्यासारखी. फू करता करता हसायची आणि ताल चुकवायची. या साफ केलेल्या गाण्यात एकही फू नव्हती.

"बाब, मदीं फू फू आशिल्लें, तें खंय गेलें?"

"तें? ती टेपाची खरखर न्हय? सगळी काडली."

बायकोला त्यांनी पावसाळाभर बसून निगुतीने पुसून काढलं होतं.

मी घरी गेले, ट्रंक उपसली, चकती आणली. हात न लावलेली. खरखर, घरघर, कुठेतरी कुत्रं, आणि त्यातून फू. फू. फू. मग ताल चुकला आणि कोणीतरी हसलं.

मला वाटलं, ते रडतील. त्यांनी मला कदेलावरून उठवलं, स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "आता तूं लाय. खंयची ती सांगूं नाका." त्यांना स्वतःवर विश्वास नव्हताच. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मी कधी साफ केलेलं लावलं, कधी चकतीवरचं. "हांगा ना," ते म्हणायचे. "हांगा आसा." एकदाही चुकले नाहीत. शेवटी मी नुसती खुडबुड केली आणि चकतीच पुन्हा लावली.

"कांयच बदलूंक ना, सुमतीबाय," ते भिंतीला म्हणाले. "ती आसाच."

त्यानंतर त्यांनी स्पीकरला हात लावला नाही, मला बोलावलंही नाही. संध्याकाळी कुंपणापलीकडून फू फू ऐकू यायची आणि सून दात ओठ खायची. काही वर्षांनी ते झोपेत गेले. फ्रिज बंदच होता.

पुतण्या पणजीहून सामान न्यायला आला. शिकलेला, चांगला मुलगा. म्हणाला, "मावशे, संगणकांत वाड्याची जुनी फुगडी आसा, चवथीक लावपाक बरी. मदीं मदीं खरखर येता ती काडूं?"

"ती काडली जाल्यार उरतलें तें म्हजें गाणें," मी म्हटलं. "तें कोणाक जाय?"