तीन वाजेपर्यंत फोन करायचा नाही

त्या मंगळवारी अर्नेस्टीन पेटवेच्या सलूनमधले सगळे फोन एका टॉवेलखाली झाकून ठेवले होते. हुकूम तिच्या मुलाचा, केंड्रेलचा. सकाळीच त्यानं बजावलं होतं, "आई, तीन वाजेपर्यंत मला कुणीही फोन करायचा नाही. तू तर नाहीच नाही. आज माझा फोन वाजला की माझा बोऱ्या वाजला म्हणून समज."

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात कोण राहणार, हे त्या दिवशी तीनपर्यंत ठरायचं होतं. ज्याला काढायचं त्याला फोन येतो, बॅग घेऊन खाली ये, कोचना भेट. संपलं.

अर्नेस्टीनला गप्प बसायला सांगणं म्हणजे मोठी शिक्षाच. आजवर प्रत्येक सामन्यानंतर पोराची अंघोळ व्हायच्या आत तिचा फोन जायचा.

शाळेत केंड्रेल चेंडू फेकणारा, मिसिसिपीतल्या त्या एवढ्याशा गावाच्या गळ्यातला ताईत. पण उंची काही वाढेना. कॉलेजात कोचनं त्याला कॉर्नरबॅक केलं. हे काम म्हणजे खरंतर हमाली. समोरच्या संघाचा चेंडू पकडणारा सुसाट पळत सुटतो आणि यानं त्याच्याकडे तोंड करून उलटं पळायचं, त्याच्या हाती चेंडू लागू द्यायचा नाही. दिवसभर नीट राखलं तर कुणी नाव घेत नाही, एकदा चुकला की अख्खं मैदान नावानं शिमगा करतं.

पहिल्याच वर्षी समोरच्या संघातल्या एका ताडमाड पोरानं याच्या डोक्यावरून दोनदा चेंडू उचलला. दोन्ही वेळा टचडाऊन, चेंडू थेट शेवटच्या रेषेपार आणि गुण त्यांचे. आपल्याच कॉलेजच्या बँडमधली पोरं याला बघून ट्राँबोनवर रडका सूर काढायला लागली. त्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, "मी घरी येतो. मामाबरोबर ट्रक चालवीन."

"ये की," अर्नेस्टीन म्हणाली. "पण पुढच्या वर्षी त्या लंबूशी एकदा खेळ आणि मग ये."

पुढच्या वर्षी त्या लंबूच्या हाताला चेंडू शिवला नाही. शेवटी तर केंड्रेलनं उडी मारून त्याच्या बोटांतूनच चेंडू ओढला आणि जो पळत सुटला तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबला. तो पोचायच्या आत बँड उभा राहून वाजवायला लागला होता. अर्नेस्टीन इतकी ओरडली, की रविवारी चर्चच्या गायकवृंदात तिचे नुसते ओठ हलत होते. घरी यायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

तरीही कॉलेज संपल्यावर व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा कुठल्याच संघानं त्याला घेतलं नाही. बुटका म्हणे! मग उत्तरेकडच्या एका संघानं सरावाला बोलावलं, ये, बघू. शेवटच्या सराव सामन्यात त्यानं चेंडू हिसकावून दाखवला. आता हा मंगळवार.

दुपारी अर्नेस्टीनचा भाऊ ल्यूशस भाजलेल्या बरगड्यांचा पुडा घेऊन आला. "मी करू का एक फोन? नुसतं विचारतो."

"हात तर लाव! डोक्यावर तर काही उरलं नाही तुझ्या, भुवया उडवीन."

तीन वाजले. अर्नेस्टीन खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं, व्हर्डेलबाईंचं, एकदा धुतलेलं डोकं परत धुवायला लागली आणि बाईंनीही मुकाट्यानं धुवू दिलं.

टॉवेलखाली फोन वाजला.

"उचलू नकोस गं!" फेसानं भरलेल्या डोक्यासकट व्हर्डेलबाई उठून बसल्या.

अर्नेस्टीननं ओल्या हातानंच फोन उचलला. केंड्रेलच होता.

"आला का रे फोन तुला?" तिचा आवाज चिरकला.

"कुणाचाच नाही. मी बॅग भरून पलंगावर बसून होतो. म्हटलं, ठेवलं असेल तर कुणीतरी येऊन सांगेलच ना? कुणी सांगतच नाही गं, आई! आत्ता कोच दार बडवून ओरडला, मीटिंग सुरू झाली, तुला काय वाजतगाजत न्यायचं का?"

"म्हणजे... घेतलं तुला?"

"घेतलं, आई."

अर्नेस्टीनला हुंदका आवरेना. तिनं फेसाच्या हातानं डोळे पुसले, डोळे आणखीच झोंबले. मागे ल्यूशसनं व्हर्डेलबाईंना मिठीच मारली होती.

"मग माझ्याशी काय गप्पा मारत बसलायस, गाढवा?" ती रडत रडत ओरडली. "पळ!"