चौसष्ट अक्षरांचे मामा

"वाचा. मी म्हणतो."

एवढं बोलून मामा टेबलावरच्या कागदावर बोट टेकवायचे. मी स्क्रीनवरची अक्षरं नि आकडे एकेक करून वाचायचो आणि ते कागदावर बोट सरकवत तेच मागोमाग म्हणायचे. एकूण चौसष्ट. मध्येच चहा आला किंवा मी अडखळलो, तर पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याचं नेहमी बरोबरच असतं आणि त्याचाच तुम्हाला राग येतो.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर विभागात आम्ही तिघं होतो: साहेब, मी आणि मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते, वयानं मोठे म्हणून सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. मेलमधून व्हायरस आला की ती फाइल बाजूला काढून पुण्याच्या तपासणीवाल्यांकडे पाठवायची, हे त्यांचं काम. पुणेवाले तिची चिरफाड करून अहवाल आपल्या साइटवर ठेवत. पण त्या गठ्ठ्यात अहवालाबरोबर खुद्द तो व्हायरसही असे, पासवर्डच्या कुलपात. आपण उतरवून घेतलेला गठ्ठा तोच आहे ना, याची खूण म्हणजे ती चौसष्ट अक्षरं. ती पुणेवाले वेगळी कळवत.

मामांचे वडील दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. एका स्टेशननं फोनवर आकडा सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणून दाखवायचा, मगच गाडी सोडायची. रेल्वे कॉलनीत मामा हेच ऐकत वाढले.

"परत म्हणल्याबिगर गाडी सुटत न्हाई," ते सांगायचे.

"मामा, इथं गाडी कुठाय?"

"दिसत न्हाई म्हणून नसती व्हय?"

या कामासाठी त्यांचा एक वेगळा लॅपटॉप होता. कंपनीच्या नेटवर्कला तो कधीच जोडायचा नाही, त्याला इंटरनेटसुद्धा वेगळ्या डोंगलचं. आम्ही त्याला 'सोवळ्यातला' म्हणायचो. एकदा मी त्याच्यावर तुळशीचं पान ठेवलं. मामा हसले. "हसा, हसा. पर हात लावू नगा."

दुसऱ्यांदा ते हसले नाहीत. त्यांच्या वाढदिवसाला मी त्यांच्या स्क्रीनवर व्हायरसची खोटी सूचना झळकवली. मामांनी धावत जाऊन खोलीतल्या सगळ्या केबल उपटल्या. चष्मा खाली पडला होता. अकाउंट्सवाले दारात उभं राहून टाळ्या वाजवत होते. गंमत होती हे सांगितल्यावरही दोन तास ते एकेक मशीन तपासत राहिले. केक आम्ही खाल्ला.

मग साहेबांनी एआय एजंट आणला. त्याला नुसतं सांगायचं, की तो आपणहून साइटवर जाऊन फाइल शोधतो, आणतो आणि सारांश लिहून देतो. मला वाटलं, आता म्हातारा रुसणार. उलट मामांनी आठ दिवस बसून त्याच्यासाठी नियम लिहिले, तेही 'तुम्ही' म्हणून: गठ्ठा याच लॅपटॉपवर आणा. कुलूप काढू नका. आतलं काही चालवू नका. दर पायरीला थांबून विचारा. एजंट बिचारा दर पायरीला विचारायचा, "पुढे जाऊ का?" मामा अक्षरं जुळवायचे, मग 'होय' लिहायचे. त्यांना माझ्यापेक्षा चांगला जोडीदार मिळाला होता. तो कंटाळत नव्हता.

एके दिवशी मामा रजेवर होते. बायकोच्या डोळ्यांचे पडदे सुटत चालले होते. त्या दिवशी पुण्यात तिच्या तपासण्या होत्या आणि पंधरा दिवसांनी ऑपरेशन, कंपनीच्या विम्यावर. नेमका साहेबांना चारच्या मीटिंगआधी एका अहवालाचा सारांश हवा होता. एजंट मामांच्या नावानं चालायचा. मी फोन लावला.

"उद्या येतो की मी," मामा म्हणाले.

"मामा, साहेब माझी मान धरतील."

मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी आपला पासवर्ड सांगितला. "लॅपटॉपच्या कपाटाची चावी गेटवर ठिवलीया. त्याच लॅपटॉपवर करा. आन् कुणाला तरी म्हणायला लावा."

"हो मामा."

गेट दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. माझ्याच मशीनवर मामांच्या नावानं शिरलो. अहवाल कुठल्या फाइलीत आहे ते बघायचाही कंटाळा, म्हणून लिहिलं, "कुलूप काढ, आतलं सगळं चालवून बघ, सारांश दे." एजंटनं मामांचे नियम दाखवत मला थांबवलं. "ही मशीन नेटवर्कवर आहे, पुढे जाऊ का?" मी 'होय' केलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी 'पुन्हा विचारू नका' यावर खूण केली.

सारांश झकास आला. मी तो वाचत असतानाच वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला, मग डिस्पॅचचा, मग लॅबचा. संध्याकाळपर्यंत टँकरची रांग हायवेला लागली होती.

चौकशीत मी म्हणालो, "मामा फोनवर सांगत होते, तसं मी करत गेलो." फोन झाल्याची नोंद होती, मंजुऱ्या मामांच्या नावावर होत्या. साहेबांना कागदावर एक नाव हवं होतं आणि ते आयतंच मिळालं.

मामांनी मला एवढंच विचारलं, "वाचलं व्हतं का तुम्ही?"

"हो."

"म्हणलं कुणी?"

साहेब म्हणाले, "मामा, मुद्द्यावर या."

"पासवर्ड म्या दिला," मामा म्हणाले. "त्येवढी चूक माझी हाय." आणि राजीनाम्यावर सही केली. ऑपरेशनला दहा दिवस होते. नोकरीबरोबर विमाही जातो, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. मी सहीसाठी पेन पुढे केलं.

गेल्या महिन्यात पुण्याला जायला दौंड स्टेशनवर एका बाकावर बसलो होतो. प्लॅटफॉर्मवरून मामा येताना दिसले. त्यांनी बायकोचा हात धरला होता, तिच्या दुसऱ्या हातात पांढरी काठी होती. पळून जावंसं वाटलं, पण तोवर ते बाकाशी पोचले होते. माझी बॅग सरकल्याचा आवाज झाला. तिनं मान वळवली.

"कोण हाय वो?"

मामांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"कोण न्हाई," ते म्हणाले. "बाक रिकामाच हाय. बस तू."

ती चाचपडत माझ्या शेजारी बसली. तिच्या साडीचा काठ माझ्या बुटावर आला होता. गाडी येईपर्यंत मी पाय हलवला नाही, आवाज होईल तेवढा श्वासही घेतला नाही.